जावेची फरशी

जेवण झालं, चूळ भरून झाली, वर्तमानपत्र काखोटीला मारलं आणि नाना नेहमीच्या सुरात म्हणाले, "सूनबाई, जरा समोर जाऊन येतो."

"हो नाना," थोरली म्हणाली आणि हातातलं पातेलं तिने ओट्यावर असं आदळलं, की त्याला पोचाच आला.

'समोर' म्हणजे काही लांब नव्हे. जिना चढून आलं की डाव्या हाताला थोरल्या भावाचं घर आणि उजव्या हाताला धाकट्याचं. मध्ये दोन पायपुसणी. नाना, म्हणजे या दोघा भावांचे वडील, राहायला थोरलीकडे. त्यांची खाट तिच्याकडे, त्यांची औषधं तिच्याकडे, रात्री दात काढून ठेवायची वाटीसुद्धा तिच्याकडे. लग्न होऊन आल्यापासून तिने नानांना कधी उलट उत्तर दिलं नव्हतं. आवाज चढवणं तर लांबच. नाना म्हणतील ती पूर्व दिशा. नात्यागोत्यात कुठे चांगल्या सुनेचा विषय निघाला, की बोट थोरलीकडे जायचं, आणि ते तसं जावं यासाठी तिने जन्म घालवला होता.

आणि एवढं सगळं करून नाना दुपारभर बसायचे कुठे? तर समोर. धाकटीकडे! जी सकाळी उशिरा उठते, मोठ्याने हसते आणि सासऱ्यांना तोंडावर "अहो, काहीतरीच काय बोलता!" म्हणते, तिच्याकडे. धाकटीने घरात विनाइलचं, म्हणजे एका जातीच्या प्लास्टिकचं, फ्लोअरिंग करून घेतलं आणि तेव्हापासून नानांचं हे सुरू झालं.

"तिकडे पायाला गार लागत नाही गं," संध्याकाळी परत आल्यावर नाना निरागसपणे सांगत.

"हो नाना," असं म्हणून थोरली चहा टाकायची आणि आधणाबरोबर स्वतःही उकळायची.

"अगं, फरशी ती. पायाखाली असते," तिचा नवरा एकदा म्हणाला. "पायाखालच्या वस्तूवर काय जळतेस?"

"मी? मी कशाला जळू? माझ्या जिवाला काय कमी आहे? करू दे तिला काय करायचं ते! लाकडासारखं दिसतं म्हणे. दिसू दे! उद्या सोन्यासारखं दिसणारं आणेल, मला काय त्याचं?" हे सगळं ऐकेपर्यंत गॅसवरचं दूध उतू गेलं. ते पुसायला नवराच उठला, कारण थोरलीचं बोलणं अजून संपलेलं नव्हतं.

शत्रूच्या गोटाची पाहणी करायला ती एकदा समोर गेली. कौतुक करायचं नाही असं घरूनच ठरवून गेली होती. कानातलं पडल्याचं निमित्त करून ती गुडघ्यांवर बसली आणि फरशीवर हात फिरवला. मेलं गुळगुळीत होतं. गार तर मुळीच नव्हतं.

"सापडलं का, ताई?" धाकटीने विचारलं. "लाकूड नाहीये हं ते. विनाइल! वरून पाणी सांडलं तरी फडका मारला की झालं. जुनी फरशी उखडायलाही लागली नाही, तिच्यावरच बसवलं."

"हो का? माझं लक्षच नव्हतं," थोरली म्हणाली. तेवढ्यात दाराजवळच्या एका पट्टीवर तिचा पाय पडला आणि पट्टी किंचित कुरकुरली. थोरलीच्या जिवाला जरा गारवा मिळाला. म्हणजे खोट आहे तर!

दुसऱ्याच दिवशी ती दुकानात हजर. दुकानदारच फरशी बसवणाराही होता. गडी भलताच बोलका. आपण बसवलेल्या फरशीवरून लोक पुढे मरेपर्यंत चालतात, असं तो अभिमानाने सांगत असे.

"विनाइलमध्ये तीन जाती, बाई," त्याने सुरुवात केली. "एक रोल. सतरंजीसारखा उलगडायचा. स्वस्त, पण खालच्या फरशीला खड्डा असेल तर वर तोही दिसतो. दुसरी चिकटवायची, त्याला खालची जागा आरशासारखी सपाट लागते. तिसऱ्या ह्या पट्ट्या. एकीचं तोंड दुसरीत अडकवायचं, टक्! खिळा नाही, गोंद नाही. भिंतीकडेला थोडी फट सोडायची, उन्हाळ्यात ही फुगते म्हणून. खाली फोमचा थर, म्हणजे पायाला ऊब."

"समोर कुठली बसवलीय?"

"कुठे समोर?"

"काही नाही. त्यातली जाड कुठली?"

"किती जाड हवी?"

"तिच्याहून जाड."

"कुणाच्याहून?"

"तुम्ही सगळ्यात जाड दाखवा हो!"

त्याने दाखवली. थोरलीने नखाने टोकरून पाहिली, वाकवून पाहिली आणि विचारलं, "आणि फोम?"

"साधा पुरेल. फार जाड फोम घातला तर पट्ट्या खालीवर होतात."

"साधा तर सगळेच घालतात. त्याच्या वरचा द्या. आणि दाराजवळची ओळ चिकटवून टाकायची. कुरकुरली नाही पाहिजे."

"या जातीला गोंद लागत नाही, बाई."

"लावा तुम्ही. माझ्या घरात कुरकुर चालायची नाही."

गिऱ्हाइकाशी वाद घालून कुणाचं भलं झालंय? त्याने मान डोलावली. हातोडीचा आवाज होईल का, एवढं तिने तीनतीनदा विचारून घेतलं, कारण हे सगळं गुपचूप व्हायचं होतं. नाना दुपारी समोर गेले, की काम सुरू करायचं आणि ते परत यायच्या आत संपवायचं. मग दार उघडायचं, नाना आत पाऊल टाकणार, ते पाऊल उबेला थबकणार आणि मागून येणारी धाकटी ते बघणार! हा देखावा थोरलीने मनात इतक्यांदा पाहिला होता, की धाकटीचा पडलेला चेहरा तिला पाठ झाला होता.

पण पट्ट्यांना बसवायच्या आधी घरची हवा लागावी लागते म्हणे. खोके दिवाणखान्यात आडवे पडून राहायला हवेत. आता एवढे खोके लपवायचे कुठे? थोरलीने ते भिंतीशी रचले, वर गादी घातली, गादीवर चादर घातली आणि निघाला बाक. संध्याकाळी धाकटी साखर मागायला आली ती नेमकी त्याच्यावरच बसली.

"अगंबाई, नवीन बाक! ताई, सांगितलंही नाहीत. कसला टणक आहे!"

"पाठीला चांगला असतो," थोरली म्हणाली.

"कुठून घेतलात? आम्हालाही घ्यायचाय."

धाकटीच्या डोळ्यांत तेव्हा जे चमकलं, ते पाहून थोरलीला त्या रात्री फार छान झोप लागली. नुसत्या खोक्यांवर एवढं, तर उघडल्यावर काय होईल!

कामाचा दिवस उजाडला. नवरा कामावर गेला. जेवून नाना समोर गेले. फरशीवाला पिशवी घेऊन हळूच आत आला आणि थोरलीने दार लावून वरची कडी, मधली कडी, खालची कडी अशा सगळ्या कड्या घातल्या.

"दार उघडं राहू द्या बाई, वारा येईल."

"दार उघडायचं नाही. पलीकडे माणसं आहेत."

"माणसं तर सगळीकडेच असतात."

"ही वेगळी आहेत."

खिडकीच्या भिंतीपासून काम सुरू झालं. टक्, टक्, टक्. रबरी हातोडीचा आवाज होणार नाही असं तो म्हणाला होता; खरं तर होत होता, फक्त रबरी होत होता. थोड्याच वेळात दारावर थाप पडली.

"ताई, काय ठोकताय?"

"लसूण! लसूण ठेचतेय!"

"बरं बरं."

टक् टक् चालूच. पुन्हा थाप.

"अजून लसूणच, ताई?"

"हो गं! वर्षाचा ठेचून ठेवतेय!"

मग नानांचा आवाज आला, जरा दुखावलेला. "लसूण मला सोसत नाही हे सूनबाईला ठाऊक आहे. वर्षाचा ठेचतेय म्हणजे माझ्यावर रागावलीय की काय?"

"छे हो नाना, तुमच्यासाठी नाही!" थोरली आतून ओरडली, आणि नेमक्या त्याच वेळी फरशीवाल्याला खोकला आला. चांगला भरदार, पुरुषी खोकला.

"ताई," धाकटीचा आवाज आता दाराला अगदी चिकटला होता, "आत कोण आहे?"

"रेडिओ!"

"रेडिओ खोकतो?"

"आजारावरचा कार्यक्रम आहे!"

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. फरशीवाल्याला थोरलीने खुणेनेच तोंडावर रुमाल बांधायला लावला आणि बिचारा पुढचं काम तोंड बांधून, दरोडेखोरासारखा करत राहिला. पण काम त्याने मन लावून केलं. शेवटची ओळ दाराशी आली, तिला सांगितल्याप्रमाणे गोंद लागला, ती उंबऱ्यापर्यंत घट्ट दाबली गेली आणि तिच्यावर दोघांनी बराच वेळ आळीपाळीने उभं राहून गोंद सुकवला.

"केस जायचा नाही मधून," तो रुमालातून म्हणाला.

थोरलीने चपला काढल्या. मधाच्या रंगाची ती फरशी खिडकीपासून दारापर्यंत अशी पसरली होती, की तिला स्वतःच्याच घरात पाहुणी आल्यासारखं वाटलं. पाय टेकला, ऊब लागली. समोरच्यापेक्षा जास्त! नक्की जास्त! तिने पदर सारखा केला, चेहऱ्यावर 'यात काय विशेष' असा भाव आणला, सगळ्या कड्या काढल्या आणि दार ओढलं.

दार हललं नाही.

पुन्हा ओढलं. खाली लाकूड नव्या फरशीच्या काठाला धडकलं आणि तिथेच थांबलं. थोरलीने खाली पाहिलं, फरशीवाल्याने खाली पाहिलं, मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"दार आत उघडतं?" त्याने विचारलं.

"मग काय छताकडे उघडतं?"

"मला वाटलं बाहेर. बंद दार म्हणजे आमच्या धंद्यात भिंतच, बाई."

"तुम्ही आत आलात कुठून? भिंतीतून?"

"तेव्हा माझ्या डोक्यावर पिशवी होती. दार तुम्ही उघडलंत. आणि मी म्हणत होतो दार उघडं राहू द्या."

"वाऱ्यासाठी म्हणत होतात!"

"वाऱ्यासाठी का होईना, म्हणत होतो ना?"

भांडायला वेळ नव्हता. बिजागऱ्या काढाव्यात तर त्यांचे स्क्रू दार बंद असताना चौकटीत दडलेले. शेवटची ओळ उचलावी तर ती गोंदाने अशी बसलेली, की तिच्याखालची जुनी फरशीही वर आली असती. साध्या जाडीची पट्टी असती, साधा फोम असता, तर दार वरून सुळकन गेलं असतं. पण आता ते बोलून काय उपयोग! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तेवढ्यात बाहेर तिसरा आवाज आला. नवरा घरी आला होता.

"काय गं, दार का लावलंय?"

"उघडत नाहीये," आतून बारीक आवाज.

"का?"

काय सांगणार? लसूण आडवा आला म्हणणार? "अडकलंय," ती म्हणाली.

मग बाहेर तिघांची सभा भरली. नवऱ्याने खिडकीतून दोर सोडण्याची कल्पना मांडली, पण कुणी, कुठून, कुणाला सोडायचा, हे त्याला सांगता येईना. धाकटी म्हणाली अग्निशामक दलाला बोलवा. नानांनी मात्र दाराचा ताबा घेतला. आयुष्यभर त्यांनी दारं उघडली होती.

"सूनबाई, घाबरू नकोस. मी सांगतो तसं कर. आधी दार वर उचल."

"हो नाना." इथे दार खालून अडलंय, उचलून काय डोंबल होणार!

"आता जरा डावीकडे."

"हो नाना."

"डावीकडे म्हणजे माझ्या नव्हे, तुझ्या. ओढलंस?"

"हो नाना."

"जोर नाही लावलास. आता श्वास रोखून धर. धरलास? मग कडी पुन्हा लाव आणि पुन्हा काढ. माझं ऐक, कडीतच गडबड आहे. तू कडी नीट काढलीच नसशील. तुम्हा बायकांना..."

"नाना!"

हा आवाज कुणाचा, हे जिन्यात कुणालाच कळलं नाही. खुद्द थोरलीलाही क्षणभर कळलं नाही.

"आता एक अक्षर बोललात तर बघा! कडीत काही गडबड नाही! मी फरशी बसवलीय, फरशी! विनाइलची! तुमच्यासाठी बसवलीय आणि त्या फरशीने दार अडवलंय! रोज दुपारी उठून त्या बाईकडे जाता, काय तर म्हणे पायाला गार लागत नाही! इथे काय बर्फावर बसवलं होतं तुम्हाला? इतकी वर्षं औषधं मी देते, दातांची वाटी मी धुते, आणि गोडवे कुणाचे, तर समोरच्या फरशीचे! मला काही वाटत नसेल का हो? मी काय दगडाची आहे?"



"त्या बाईकडे म्हणजे माझ्याकडे?" धाकटीने हळूच विचारलं.

आत थोरली मटकन खाली बसली. गेलं सगळं! इतक्या वर्षांचं नाव एका मिनिटात मातीत. सासऱ्यांवर ओरडले, तेही साऱ्या जिन्याच्या साक्षीने. तिला रडू कोसळलं आणि टपोरे थेंब टपटप त्या मधाच्या रंगावर पडू लागले.

"काळजी करू नका, बाई," फरशीवाला समजुतीने म्हणाला. "याला पाणी लागत नाही."

आणि बाहेर नाना हसायला लागले. आधी नाकातल्या नाकात, मग पोटातून. "अरे, हिला बोलता येतं!" ते मुलाला म्हणाले. "ऐकलंस ना? कसलं झापलं मला!"

"नाना, मी..."

"थांब, आता मी बोलतो. फरशीचं काय घेऊन बसलीस? मी बारा महिने मोजे घालतो, मला काय कळतंय गार आणि गरम? मी तिकडे जातो भांडायला. मी म्हणतो यंदा उन्हाळा जास्त आहे, ती म्हणते काहीतरीच काय, दरवर्षी एवढाच असतो. मी तिला अडाणी म्हणतो, ती मला हट्टी म्हणते. दुपार कशी जाते कळत नाही. तुझ्याकडे काय? उन्हाळा जास्त म्हटलं की 'हो नाना'. कमी म्हटलं तरी 'हो नाना'. अगं, म्हाताऱ्या माणसाने नुसत्या 'हो'वर दिवस कसे काढायचे?"

"मग सांगायचं नाहीत का तसं?"

"काय सांगू? सूनबाई, तू फार गुणी आहेस म्हणून मला कंटाळा येतो, असं? निमित्ताला फरशी बरी होती. फरशीला राग येत नाही."

थोरलीने डोळे पुसले. नाक पुसलं. मग उठून फरशीवाल्याच्या हातात त्याचीच सुरी दिली. "कापा," ती म्हणाली.

त्याने बिजागरीशी दोरा धरला, दुसऱ्या टोकाला खडू बांधला आणि दार जितकं फिरतं तितका गोल आखून घेतला. मग तेवढा तुकडा त्याने सुरीने, पटाशीने आणि तोंडाने काहीबाही पुटपुटत खरवडून काढला. दार कुरकुरत उघडलं. आत रुमाल बांधलेला माणूस पाहून धाकटी किंचाळली, पण तिकडे कुणी लक्ष दिलं नाही.

नाना आत आले. नव्या फरशीवर दोन पावलं टाकली, मागे वळून दारातला तो गोल पाहिला आणि म्हणाले, "हे काय उंदराने कुरतडल्यासारखं कापलंय!"

"हो ना..." थोरलीची जीभ सवयीने निम्म्यावर गेली आणि तिने ती आवरली. "तुम्हाला काय कळतं त्यातलं? आधी चष्मा घाला."

नानांचा चेहरा असा उजळला, की बघत राहावं. त्यांनी खुर्ची ओढली, चष्मा घातला आणि उंदीर कुरतडतात कसे, यावर वाद घालायला बसले. चहाची वेळ टळून गेली तरी ते उठले नाहीत. दारात धाकटी एकटीच उभी होती.

दुसऱ्या दिवसापासून नाना समोर जाईनासे झाले. थोरली हवेत तरंगत होती. सकाळी उन्हाळ्यावर वाद, दुपारी पंख्याच्या वेगावर वाद, संध्याकाळी सकाळच्या वादात कोण जिंकलं यावर वाद. नाना म्हणत, "तू तिच्यापेक्षा चांगली भांडतेस," आणि हे ऐकून थोरलीला धन्य धन्य वाटे. पहिले काही दिवस वाटलं. मग नाना पहाटेच उठून तिला विषय देऊ लागले. ती भाजी चिरायला बसली की समोर खुर्ची, कपडे वाळत घालायला गेली की मागे खुर्ची. दुपारी अंग टाकावं तर पलीकडून आवाज: "सूनबाई, जागी आहेस ना? कालचा तुझा मुद्दा चुकीचा होता."

एका दुपारी नानांचा जरा डोळा लागलेला पाहून थोरली पाय न वाजवता बाहेर पडली आणि समोरच्या घरात शिरली. धाकटी दिवाणखान्यात विनाइलवर उशी टाकून पंख्याखाली पसरली होती. घरात इतकी शांतता होती, की थोरलीला तिचा हेवाच वाटला.

"या ताई," धाकटी डोळे न उघडता म्हणाली. "दुसरी उशी खाटेवर आहे."

थोरली उशी घेऊन तिच्या शेजारी आडवी झाली. "रोज अशीच झोपतेस?"

"आता झोपते. आधी कुठली झोप? रोज दुपारी नाना हजर. मी इकडे तोंड दुखेस्तोवर भांडायचे आणि मनात म्हणायचे, ताईंची मजा आहे! सासऱ्यांना पाठवून दिलं माझ्याकडे आणि स्वतः दार लावून निवांत झोपल्या असतील. असा राग यायचा तुमचा! एकदा तर रागाने तुमच्या पायपुसण्यावर पाय आपटून आले होते."

"अगं, मी कुठली झोपतेय? मी जळत बसायचे."

"कशावर?"

थोरली यावर काही बोलणार, तोच बेल वाजली. पाठोपाठ नानांचा आवाज आला. "सूनबाई! आत आहेस ना? मी मुद्दा शोधून काढलाय!"

दोघी जागच्या हलल्या नाहीत.

"उठा ना, ताई," धाकटी कुजबुजली. "तुमचे नाना आलेत."

"माझे कसले? इतके दिवस तुझ्याकडे बसायचे. तुझेच ते."

"नाही नाही, खाट तुमच्याकडे आहे. हक्क तुमचा."

"असं कसं? तू धाकटी, लाडकी. मी मध्ये येणार नाही."

बेल पुन्हा वाजली. दोघी जावा एकमेकींना मोठ्या मनाने सासरे देत राहिल्या आणि दार उघडायला काही कुणी उठलं नाही.